पेन्सिल थोडी थांबू द्या, आधी मटार सोलू द्या

एका आईने विचारलंय: "माझी मुलगी सव्वापाच वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. दीड वर्षाची असताना हृदयाचं ऑपरेशन झालं. आता चालते, पळते, बरेच शब्द बोलते. बालवाडीच्या मोठ्या गटात आहे. बाई ठिपके जोडायला देतात, पण ती पेन्सिल मुठीत धरते, दोन रेघा ओढते आणि फेकून देते. घरी मी रोज अर्धा तास तिचा हात धरून गिरवून घेते, शेवटी दोघीही रडतो. सासूबाई सकाळ-संध्याकाळ हातांना तेलाने मालिश करतात. बोटांत ताकद यायला कोणते व्यायाम करावेत? ती कधी लिहील का?"

ताई, ती अर्ध्या तासाची गिरवणी आजपासून बंद करा. कायमची नव्हे, पण निदान पुढचे तीन-चार महिने. मी २२ वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी म्हणून, लहान मुलांबरोबर काम करते आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आयांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, की पेन्सिल का धरत नाही. त्याचं उत्तर पेन्सिलीत क्वचितच सापडतं. ते सापडतं खांद्यात, कमरेत, बसायच्या खुर्चीत, आणि सांगायला वाईट वाटतं पण आपल्या घाईत.

एक करून बघा. पाय लोंबकळतील अशा उंच स्टुलावर बसा, पाठीला टेकू नको, दोन्ही कोपरं हवेत धरा आणि सुईत दोरा ओवा. हात थरथरेल, खांदे वर चढतील, मिनिटभरात वैताग येईल. तुमची लेक बालवाडीत रोज असंच बसून ठिपके जोडते आहे.

तिच्या शरीरात काय चाललंय ते थोडक्यात सांगते. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असल्यामुळे या मुलांच्या स्नायूंचा मूळचा ताण कमी असतो. याला डॉक्टर हायपोटोनिया म्हणतात. सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात, म्हणून अंगठा मागे हवा तेवढा वाकतो. बोटं आणि अंगठा आखूड, करंगळी बऱ्याचदा आत वळलेली, आणि धडाच्या मानाने हातही थोडे आखूड. शिवाय कुठल्याही मुलाच्या मनगटातली ८ छोटी हाडं जन्मतः कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात. ती हळूहळू पक्की होतात, वाटाण्याएवढं शेवटचं हाड दिसायला तर आठ-दहा वर्षं लागतात. आपल्या मुलांत हे सगळं आणखी सावकाश चालतं. अशा सैल मनगटावर पेन्सिल तीन बोटांत तोलायची, तर आधी वरचा सगळा हात स्थिर हवा. तो स्थिर नसेल तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं. तुमची लेक मुठीत धरते तो हट्ट नाही, तिने स्वतः शोधलेला आधार आहे.

त्यात हृदयाचं ऑपरेशन. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे तुमच्यासारख्या घरांची मला चांगली ओळख आहे. पहिल्या दीड वर्षात बाळ पटकन दमतं, दूध पितानाही घामाघूम होतं, मग घरातले त्याला कडेवर नाहीतर पाळण्यात ठेवतात. कुणाचीच चूक नाही. पण पोटावर पडून मान उचलणं, कोपरांवर भार घेणं, रांगणं यातूनच खांदा आणि तळहात तयार होतात, आणि नेमके तेच महिने हातून जातात. ते आता भरून काढायचे. पाच वर्षांच्या मुलीला रांगायला लावता येतं, फक्त त्याला खेळाचं रूप द्यावं लागतं. पलंगाखाली गेलेला चेंडू आणायला लावा. चार पायांवर घोडा होऊन पाठीवरून उशी पोचवायला सांगा. गादी, पाण्याची अर्धी भरलेली बादली, धान्याचा डबा ढकलायला द्या. भिंतीला दोन्ही तळहात टेकवून "भिंत पाडू या" म्हणत जोर लावा. कोलांट्या उड्या मात्र नकोत, का ते पुढे सांगते.

मालिशीबद्दल. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मालिशीने मूल शांत होतं, त्वचेला स्पर्शाची ओळख होते, आजी-नातीचा तो वेळ मोलाचा आहे, तो चालू राहू द्या. पण मालिशीने स्नायू बळकट होत नाहीत. स्नायू बळकट होतो तो त्याने स्वतः काम केल्यावर. तेव्हा तेल लावून झालं की आजींनी तेच तेल नातीकडून आपल्या पायाला चोळून घ्यावं. तळहात दाबून चोळायला जेवढा जोर लागतो, तेवढा माझ्या खोलीतल्या कुठल्याच साधनाला लागत नाही.

आता बसणं. ती लिहायला, चित्राला, जेवायला जिथे बसेल तिथे पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. खुर्ची उंच असेल तर खाली पाट ठेवा, नाहीतर रद्दीचा गठ्ठा दोरीने घट्ट बांधून ठेवा. टेबलाची उंची कोपराच्या किंचित वर, त्याहून जास्त नको. जमिनीवर बसवायचं तर मांडी घालून, पाठ भिंतीला, समोर चौरंग. ही मुलं गुडघे पुढे आणि पावलं दोन्ही बाजूंना फाकवून बेडकासारखी बसतात. त्यात बूड रुंद होतं म्हणून त्यांना बरं वाटतं, पण कंबर आळशी राहते, धड वळत नाही, आणि उजवीकडची वस्तू उजव्याच हाताने, डावीकडची डाव्याच हाताने उचलायची सवय लागते. दिसलं की ओरडू नका, पाय हलकेच पुढे घ्या.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काही वर्षांतली एक गोष्ट सांगते. मी मुलांना खुंट्यांच्या पाट्या, मण्यांच्या माळा, रंगीत चिमटे असलं बरंच काही करायला देत असे. एक मुलगा तर २५ खुंट्या भराभर लावायचा आणि मी खूश व्हायचे. एक दिवस त्याची आई म्हणाली, "मॅडम, याला अजून चड्डी वर घेता येत नाही." त्या वाक्याने माझी काम करायची पद्धत बदलली. या मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे आपोआप वापरणं अवघड जातं. खुंटी लावायला शिकलेलं मूल खुंटी लावतं. बटण यायला हवं असेल तर बटणच शिकवावं लागतं, तेही त्याच्याच शर्टाचं.

म्हणून तुम्ही विचारलेल्या "व्यायामां"ची यादी मी देत नाही. तुमचं स्वयंपाकघर देते.

मटारच्या दिवसांत शेंग सोलायला बसवा. शेंगेचं टोक दोन्ही अंगठ्यांनी दाबलं की ती फट्‌कन उघडते, मग तर्जनी आतून फिरवून दाणे खाली पाडायचे. या एका कामात दोन्ही हात एकत्र येतात, अंगठ्याला जोर मिळतो आणि एक बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं काम करायला शिकतं. शिवाय दाणे वाटीत पडलेले तिला दिसतात, आणि संध्याकाळी उसळीत ते तिचे असतात. मेथी निवडणं थोडं पुढचं, कारण देठ एका हाताने धरून दुसऱ्याने पान खुडायचं असतं. कोथिंबीर त्याहून नाजूक. लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, लिंबू पिळणं, कणकेचा गोळा मळणं, कणकेचे सापासारखे लांब वळ करणं, सोऱ्या फिरवणं (तुम्ही सोऱ्या धरा, मूठ ती फिरवेल), कपड्यांना चिमटे लावणं, ही सगळी माझी औषधं आहेत. कपड्यांचा चिमटा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनीच दाबायचा, आणि घट्ट स्प्रिंगचा नवा चिमटा न देता वापरून सैल झालेला द्यायचा.

आणि रांगोळी. लिखाणाची याहून चांगली पूर्वतयारी मला २२ वर्षांत सापडलेली नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत पूड धरायची आणि ती हळूहळू सोडायची. पेन्सिल धरायला लागतात तीच तीन बोटं, तोच ताबा. सुरुवातीला ती मूठभर ओतेल, ओतू द्या. मग नुसते ठिपके. मग तुम्ही खडूने जाड रेघ आखा आणि तिने त्यावर पूड सोडायची. हाताला रवाळ लागलेलं तिला सहन होत नसेल, बरीच मुलं हात झटकतात, तर सक्ती न करता आधी कोरड्या तांदळात हात घालण्यापासून सुरुवात करा. एक सावधगिरी आहे. ही मुलं वस्तू तोंडात घालायची सवय उशिरापर्यंत सोडत नाहीत. मटार, मणी, हरभरे, रांगोळी समोर असताना मोठं माणूस शेजारून उठायचं नाही.

जेवणाचं विसरू नका. पोळीचा तुकडा एका हाताने तोडता येणं हे फार अवघड कौशल्य आहे: मधलं बोट पोळी दाबून धरतं, अंगठा आणि तर्जनी फाडतात. तिला सध्या दोन हातांनी तोडू द्या, आणि "असं तोडू नये" कुणी म्हणू नका. वरणभात तिचा तिने कालवावा. चमच्याची दांडी बारीक वाटली तर त्यावर सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ चढवा किंवा कापडाची पट्टी गुंडाळा. ती डाव्या हाताने खात असेल तर तो हात बाजूला करू नका. या मुलांचा उजवा-डावा उशिरा ठरतो, तो तिच्या मेंदूला ठरवू द्या.

मागच्या हिवाळ्यात सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. खाऊचा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. मी म्हटलं, उघड बरं. त्याने झाकणावर तळहात ठेवला, डबा सरकला. त्याने आईकडे पाहिलं, आणि आईचा हात आपोआप पुढे आला. मी तो हात माझ्या हातात धरून ठेवला. मुलाने डबा पोटाशी घेतला. नखं झाकणाच्या कडेखाली घालायचा प्रयत्न केला, निसटलं. पुन्हा. मी मनात आकडे मोजत होते. त्याने डबा मांडीत दाबला, डाव्या तळहाताने खालून आवळला, उजवा अंगठा कडेवर रेटला. बेचाळिसाव्या आकड्याला झाकण उडालं, शेव जमिनीवर सांडली, आणि तो आधी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. त्याची आई रडत होती. ती म्हणाली, "सहा वर्षं रोज मीच उघडून देते."

ताई, हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. सकाळी रिक्षा दारात उभी असते, बाकीची कामं पडलेली असतात. म्हणूनच दिवसातली सगळी कामं तिच्यावर सोडू नका. दोनच निवडा, ज्यांना घाई नसते. संध्याकाळी शाळेचा शर्ट काढणं, आणि रात्री जेवताना पाण्याचं फुलपात्र स्वतः भरणं. त्या दोन कामांत तुमचे हात पाठीमागे बांधलेले समजा.

शिकवताना काम शेवटाकडून द्या. बटण असेल तर तुम्ही ते भोकातून अर्धं बाहेर काढा, शेवटचं ओढणं तिचं. ते जमलं की थोडं आधीपासून. असं केलं की काम दर वेळी तिच्याच हाताने पूर्ण होतं. सुरुवात खालच्या बटणापासून करा, वरचं बटण तिला दिसतच नाही. चेनच्या टोकाला किल्लीची कडी अडकवा. करून दाखवताना बोलू नका. ही मुलं ऐकलेलं पटकन विसरतात, पाहिलेलं चांगलं लक्षात ठेवतात. "हे असं धर, मग तिकडून ओढ, अगं तसं नाही" या वाक्यांनी तिचे डोळे हातावरून उठून तुमच्या तोंडाकडे जातात. शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून बसा, सावकाश करून दाखवा, मग थांबा. उत्तर यायला तिला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मनात दहा मोजा. मदत करायचीच तर तिच्या बोटांवर हात न ठेवता कोपराला किंवा मनगटाला आधार द्या. बोटं धरून गिरवून घेतलं की काम तुमची बोटं करतात, तिची नुसती फिरतात. तुमच्या अर्ध्या तासात नेमकं हेच होत होतं.

ती पेन्सिल फेकते त्याबद्दल. अवघड काम आलं की ही मुलं ते टाळायला फार लवकर शिकतात. कुणी वस्तू फेकतं, कुणी गोड हसून गळ्यात पडतं, टाळ्या वाजवतं, आणि आपण विरघळून काम विसरतो. तेव्हा काम एकदम सोपं करा, एवढं की एका हालचालीत संपेल. ती हालचाल झाली की थांबा. एका वेळी दहा मिनिटं पुरेत, दिवसातून दोन-तीनदा. हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल दमतं, त्याचा मान ठेवा.

लिहायचं साहित्य आत्ता हवंच असेल तर पेन्सिल दूर ठेवून पाटी आणि खडू घ्या, आणि खडू तोडून बोटाच्या एका पेराएवढा करा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. पाटी भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला टांगा. उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे वळतं आणि खांदा कामाला लागतो. ओल्या बोटाने पाटीवरची रेघ पुसायलाही सांगा, तेही लिहिणंच आहे. ताटात रवा पसरून बोटाने रेघा काढणं ही आपली जुनी धूळपाटी.

रेघांचा क्रम सगळ्या मुलांचा सारखाच असतो: आधी उभी, मग आडवी, मग गोल, मग अधिकचं चिन्ह, चौकोन, आणि तिरप्या रेघा सगळ्यात शेवटी. इतर मुलांना त्रिकोण पाचेक वर्षांचे असताना जमू लागतो, आपल्या मुलांना बराच नंतर, पण क्रम तोच. आपल्या लिपीत उभा दंड पुष्कळ अक्षरांत येतो, हे सुदैव. ग म भ न हा शाळेचा क्रम वाईट नाही, पण मी सहसा ट, ठ, प, ग यांच्यापासून सुरू करते. ठ म्हणजे छोटी उभी रेघ आणि खाली गोल, बस. भ आणि न नंतर, तिरपी रेघ लागणारे ब आणि ष त्याहून नंतर. शिरोरेषा सुरुवातीला तुम्हीच जाड आखून द्या, अक्षर तिला "दोरीवर टांगायला" सांगा. पुढे पेन्सिल आली की २बी किंवा ४बी घ्या, कमी दाबातही गडद उठते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत पेन्सिल अडकवून धरायची पकडही सैल अंगठ्याच्या मुलांना सोयीची पडते. दिसायला वेगळी, पण चुकीची नाही. शाळेत कुणी बदलायला लावलं तर माझं नाव सांगा.

हे सगळं करण्याआधी तीन तपासण्या झाल्यात का ते बघा. डोळे: चष्म्याचा नंबर आणि जवळचं स्पष्ट दिसण्यातली अडचण या मुलांत फार आढळते, आणि न दिसणाऱ्या ठिपक्यावर रेघ कशी येणार. थायरॉइड: वर्षातून एकदा रक्त तपासायचंच, कमी झालं तर मूल सुस्त होतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. कान: पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणं. आणि चौथी गोष्ट, तपासणी नव्हे पण सतत लक्ष ठेवण्याची. या मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. म्हणून कोलांट्या, डोक्यावर भार, मानेला हिसका नको. आधी येत असलेलं हाताचं काम अचानक बिघडलं, चाल बदलली, मान दुखते किंवा वाकडी धरते, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

माझ्यासारखं कुणी जवळ नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे, आणि त्यातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपी मोफत मिळते. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. आपल्या देशात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली, कमला निंबकरांच्या हातून. त्यामुळे शोधलंत तर महाराष्ट्रात थेरपिस्ट सापडतील.

ती लिहील का? तारीख मी देणार नाही, जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी बरीच आपलं नाव लिहितात, काही पानभर लिहितात, काही फक्त सही करतात आणि बाकी सगळं मोबाइलवर टाइप करतात. हातांची प्रगती सातव्या-आठव्या वर्षी थांबत नाही. तेराव्या वर्षी बुटाची नाडी बांधायला शिकलेली मुलगी मी पाहिली आहे. बाईंना माझ्या वतीने एवढं सांगा, की ठिपके जोडायच्या वेळात तिला कोपऱ्यातल्या फळ्यावर खडूचा तुकडा द्या, आणि ओळख दाखवायला अक्षर लिहून न घेता अक्षरांच्या कार्डांतून उचलायला सांगा. तिला "ग" ओळखता येतो की नाही आणि "ग" काढता येतो की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. त्या वेळी गिरवलेली वही नको. ती मटार किंवा मेथी निवडत बसली असेल तेव्हा बाजूने एक व्हिडिओ घ्या, तिची पावलं, कोपर आणि अंगठा तिन्ही दिसतील असा, आणि मध्ये कुणी काही बोलू नका.